मागच्या सीटवरची टकटक

माझं काम रेडिओचं. विमानातल्या रेडिओचं. म्हणजे जे डोळ्यांना दिसत नाही पण मीटरवर मोजता येतं, त्याच्याशी माझा पंचवीस-तीस वर्षांचा संबंध. सुई हलली तर गोष्ट आहे, नाही हलली तर नाही — इतका साधा माझा धर्म. रायपूरच्या आमच्या तात्यापारा वस्तीत कुणाच्या अंगात आलं की मला मुद्दाम कळवायचे नाहीत, कारण मी जाऊन शंका काढायचो. चित्रविचित्र अनुभवांच्या या ग्रुपवरही मी आलो तो बायकोमुळे, आणि इथल्या निम्म्या अनुभवांखाली 'आधी वायरिंग तपासा' अशी कॉमेंट टाकणारा तो मीच. तेव्हा आता हसायचं असेल तर हसून घ्या... माझा अनुभव वायरिंगचाच आहे.

राज्य नवीन होऊन चार-पाच वर्षं झाली होती. रायपूर एकाएकी राजधानी झालेलं. जिकडेतिकडे खोदलेले रस्ते, लाल दिव्याच्या गाड्या, आणि प्रत्येकाला जगदलपूर नाहीतर अंबिकापूर गाठायची घाई. त्या घाईवर एक छोटी कंपनी निघाली होती. नाव सांगत नाही. आता ती नाहीही. माना विमानतळाच्या एका कडेला पत्र्याचं हँगर आणि त्यात एकच विमान — चार सीटचं, एका पंख्याचं. सकाळी साहेब लोकांना सोडून यायचं, संध्याकाळी आणायला जायचं. मधली फेरी रिकामी.

विमान उडवायची रेवती. भिलाईत वाढलेली, तिशीच्या आतली. आडनाव मराठी, आजोबा अकोल्याकडचे, पण आपण मराठीत विचारावं आणि तिने हिंदीत उत्तर द्यावं, असा आमचा व्यवहार. मला प्रभाकर भैया म्हणायची. परतीच्या रिकाम्या फेरीत ती एकटी असायची आणि हेडसेटमधून गाणी ऐकायची. जुनी, संथ गाणी. खाली तास-सव्वा तास नुसतं जंगल, दुसरं करणार काय.

आता हे हेडसेटचं प्रकरण थोडं समजून घ्या, कारण सगळी डोकेदुखी तिथेच आहे. छोट्या विमानात आवाज इतका की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. म्हणून चौघांच्या कानांवर हेडसेट आणि ओठांसमोर माईक. चारही हेडसेट एका डबीला जोडलेले, तिला इंटरकॉम म्हणतात. त्या डबीत गाण्याचा प्लेअर लावायचीही सोय असते. आणि डबी मोठी शिस्तीची. कुठल्याही माईकवर कोणी बोललं, किंवा खालून रेडिओवर हाक आली, की ती गाणं आपोआप बंद करते. बोलणं संपलं की परत सुरू. गाणं थांबलं याचा अर्थ कोणीतरी काहीतरी म्हणतंय.

पावसाळा संपता संपता रेवतीने पहिली तक्रार लिहिली. विमानाची एक वही असते. पायलटने तक्रार लिहायची, आम्ही दुरुस्त करून खाली लिहायचं आणि सही करायची. ती सही झाल्याशिवाय विमान हलत नाही. तिने लिहिलं होतं, परतीच्या वाटेवर गाणं मध्येच तुटतं. दुपारी मी विमानात बसलो, गाणं लावलं, अर्धा तास ऐकलं. एकदाही तुटलं नाही. खाली लिहिलं — जमिनीवर तपासले, ठीक आहे. सही.

दोन दिवसांनी परत तेच. मी प्लेअरची तार बदलली, दुपारी तपासलं, ठीक, सही. परत तेच. नागपूरहून दुसरी डबी मागवून बसवली. ठीक, सही. परत तेच! चौथ्या वेळी मी सगळे जॅक काढून स्पिरिटने पुसले आणि इतका दाब देऊन सही केली की खालच्या पानावर उमटली.

मी म्हटलं, जगदलपूरच्या वाटेवर धमतरीच्या आसपास काही टॉवर असेल, त्याचा त्रास होत असेल. पुढच्या आठवड्यात ती अंबिकापूरला गेली, म्हणजे बरोबर उलट्या दिशेला, आणि तिकडून येतानाही गाणं तुटलं. झालं, टॉवरही गेला.

मग सल्ले सुरू झाले. मालकाचं म्हणणं, गाण्याची सोयच काढून टाका, कटकट संपेल. चौकीदाराने न विचारता पंख्याला लिंबू-मिरची बांधली. ती काढायला लावली तर तो माझ्यावरच रुसला. बायकोने शनिवारी नारळ सुचवला. मला संताप येत होता तो या सगळ्यांचा नाही. साधी गोष्ट मीटरवर सापडत नव्हती, त्याचा.

मी रेवतीला म्हटलं, तू काही दिवस गाणंच नको लावूस ना. ती चिडली नाही. खुर्ची ओढून समोर बसली.

"भैया, गाना शौक के लिए नहीं है," ती म्हणाली. "गाना चल रहा है मतलब कोई नहीं बुला रहा. रुक गया तो मैं कान लगाती हूँ कि किसने बुलाया. अब रोज रुकता है और उधर कोई नहीं. एक दिन सच में कोई बुलाएगा, और मैं सोचूँगी फिर वही है."

 तिला माझ्या सहीवर उडायचं होतं, आणि माझी सही चार वेळा खोटी ठरली होती.

इथे मला वामनकाकांबद्दल सांगितलं पाहिजे. टाळून चालणार नाही.

वामनकाका मूळचे अमरावतीकडचे, वडील रेल्वेत, त्यामुळे सगळं आयुष्य रायपूरला. चौबे कॉलनीत घर. हातात सोल्डरची काडी कशी धरायची इथपासून मला सगळं त्यांनी शिकवलं. अतिशय चिडका माणूस. माझा चिडकेपणा त्यांच्याकडूनच आलाय, असं बायको म्हणते. त्यांचे दोन हट्ट होते. पहिला मेणदोऱ्याचा. विमानात तारांचे जुडगे जातात, ते बांधायला काका मेण लावलेला दोरा वापरायचे. प्रत्येक बोटभर अंतरावर एक गाठ, हाताने मारलेली. प्लास्टिकचे टाय मिळायला लागून जमाना झाला होता. एक खेचला की काम झालं. पण काका म्हणायचे, टायचं कापलेलं टोक पात्यासारखं असतं, ते थरथरून थरथरून शेजारच्या तारेचं साल सोलतं.

दुसरा हट्ट अकराचा. उड्डाण नसेल त्या दिवशी सकाळी अकरा वाजता चहा यायचा. चहाआधी काका मागच्या डाव्या सीटवर बसून हेडसेट घालायचे, मला पुढे बसवायचे, आणि अंगठ्याच्या नखाने माईकवर तीनदा वाजवायचे. टक् टक् टक्. मी पुढून तीनदा वाजवून उत्तर द्यायचं. म्हणजे इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे, दोन्ही चालू आहे. माझं लक्ष नसलं तर परत तीन, आणि त्यानंतर शिवी. मी एकदा विचारलं होतं की पुढे बसूनही तपासता येतं, मागेच काहून? तर म्हणाले, "सही केली म्हणजे तू मांगच्या सीटवर बसला. पोट्टी एकटी नाही उडून राहिली, तू तिच्या मांगं बसून आहे. हे ध्यानात ठेव."

मालकाला कामं झटपट हवी होती. एका मोठ्या दुरुस्तीत विमानाच्या मागच्या भागातल्या तारा नव्याने बांधायच्या होत्या. काकांनी चार दिवस मागितले. मी म्हटलं, टाय वापरून एका दिवसात करतो. काका सगळ्यांसमोर मला बोलले. मलाही राग आला. मीही सगळ्यांसमोर म्हटलं, "काका, आता जग पुढे गेलं. तुमचा दोरा घेऊन घरी बसा."

ते मान डोलावून फक्त "हव" म्हणाले. दोऱ्याचं रीळ टेबलावर ठेवलं आणि निघून गेले. परत आले नाहीत. मी एका दिवसात काम केलं, सही केली. तीन महिन्यांनी कळलं की त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचाही गेली. मी भेटायला गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत आठ महिने गेले. खरं सांगायचं तर तोंड नव्हतं.

तर, चार सह्या वाया गेल्यावर मी ठरवलं की आता आपणच उडायचं. परतीच्या फेरीत मी रेवतीच्या शेजारी बसलो. आदल्या दिवशी मी एक जुगाड केला होता. चारही माईकच्या लाईनवर एकेक बारीक दिवा जोडून एका फळीवर लावला. ज्या माईकवर आवाज येईल त्याचा दिवा लागेल. मागचे दोन्ही हेडसेट मी काढून जगदलपूरलाच पिशवीत भरले. मागे सीट रिकाम्या, जॅकची भोकंही रिकामी. आता मागच्या माईकवरून आवाज यायला माईकच नव्हता.

सव्वादहाला निघालो. गाणं सुरू झालं. मला विमानात बसायची हौस नाही. मी फळी मांडीवर धरून दिव्यांकडे बघत होतो. खाली जंगल, मग शेतं, मग एक नदी. गाणं काही तुटेना. मला मनातून जरा बरंच वाटायला लागलं होतं, की मी बसलो की सगळं ठीक चालतं.

आणि गाणं थांबलं.

रेवतीने माझ्याकडे बघितलं. ती बोलली नव्हती, मी बोललो नव्हतो. तिचा दिवा बंद, माझा दिवा बंद. मागचा डावा दिवा लागला होता. लागला, विझला. लागला, विझला. लागला, विझला. मग गाणं परत सुरू.

डबीवर एक बटण असतं. ते फिरवून ठेवलं की बारीक आवाज डबी गाळून टाकते, नाहीतर इंजिनचीच घरघर कानात येत राहील. मी ते पूर्ण उघडलं. कानात नुसता धबधबा. मी डोळे मिटून ऐकत राहिलो. आणि त्या घरघरीच्या मागे, अगदी स्वच्छ...

टक् टक् टक्.

दिवाही तीनदा. मी मागे वळून बघितलं. रिकामी सीट, बंद केलेला पट्टा, रिकामं भोक.

हा आवाज मी हजार वेळा ऐकला होता. अंगठ्याचं नख, जाड, सोल्डरने भाजून कडक झालेलं. माझा हात आपोआप माझ्या माईककडे गेला, उत्तर द्यायला. पण रेवती बघत होती, आणि मला लाज वाटली. एवढा मोठा माणूस, रिकाम्या सीटला उत्तर देणार? मी हात खाली घेतला. घड्याळात अकराला दोन मिनिटं कमी होती. ते माझं घड्याळ दोन मिनिटं मागेच चालायचं.

थांबा... तुम्हाला वाटतंय तसं नाही. काका जिवंत होते. चौबे कॉलनीत होते. मेलेल्या माणसाची गोष्ट असती तर तुम्ही लोकांनी पाच कॉमेंटमध्ये निकाल लावला असता. हा माणूस जिवंत, त्याला नीट घास गिळता येत नाही, आणि मी आठ महिने त्याच्या दारात गेलेलो नाही.

माना विमानतळावर उतरल्यावर मी जेवलो नाही. थेट मागच्या डाव्या सीटजवळ गेलो आणि बाजूचं पॅनेल उघडायला घेतलं. ते का उघडलं, असं तुम्ही विचाराल. डबी पुढे, जॅकच्या तारा उजव्या बाजूने. डाव्या पॅनेलमागे रेडिओचं काहीच नाही. मी ते उघडलं कारण टकटक तिथून येत होती आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं. एवढंच कारण आहे.

पॅनेलमागून बॅटरीची जाड तार जाते, शेपटीतून पुढे इंजिनकडे. ती मी बांधलेल्या जुडग्याला लागून होती. माझ्याच एका टायचं कापलेलं टोक तिच्यात रुतलं होतं. साल पूर्ण सोललेलं, आतलं तांबं दिसत होतं, आणि शेजारची पत्र्याची पट्टी काळी पडली होती. काळी म्हणजे मळकी नव्हे, जळलेली. तिथून वीतभर अंतरावर पंखातून खाली येणारी पेट्रोलची नळी होती.

मी तिथेच विमानाच्या जमिनीवर बसलो. 

रेवतीला बोलावून दाखवलं. लपवता आलं असतं, पण मला ते जमलं नाही. तिने वाकून बघितलं, त्या काळ्या पट्टीवर बोट फिरवलं, बोटाचा वास घेऊन बघितला.

"ये कब से है, भैया?"

"माझ्या सहीपासून," मी म्हटलं.

 ती बाहेर जाऊन पंखाच्या सावलीत उभी राहिली. मग आत येऊन एवढंच म्हणाली की गाणं तुटलं नसतं तर हे पॅनेल पुढच्या वर्षापर्यंत कोणी उघडलं नसतं. ते खरं होतं. मीच उघडलं नसतं.

विमान दोन दिवस बंद ठेवलं. मालक ओरडला, मी त्याच्यावर जास्त ओरडलो. तार बदलली. सगळे टाय कापून काढले, आणि टेबलाच्या खणात पडलेलं काकांचं रीळ काढून सगळे जुडगे मेणदोऱ्याने बांधले. बोटं सोलली. वहीत खरं काय ते लिहिलं आणि सही केली.

आता गाणं तुटायला नको होतं ना? तुम्हीही हेच म्हणाल. उघडी तार ठिणग्या टाकत असेल, त्याचा आवाज माईकच्या लाईनमध्ये शिरत असेल, तार बदलली, संपलं. मला हे उत्तर किती हवं होतं, ते तुम्हाला कळणार नाही. मी कागदावर सर्किट काढून स्वतःला पटवतही आणलं होतं. ठिणगी तीन मोजून थांबत नाही आणि घड्याळ बघून येत नाही, हे मला कळत होतं, तरी मी पटवत होतो.

दुसऱ्या दिवशी रेवती उतरली आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. परत तुटलं होतं. तीन, थोडं थांबून परत तीन. अकरा वाजता.

मी तिथे हँगरमध्ये उभा राहून मोठ्याने म्हणालो, "अरे, आता काय राहिलं?" चौकीदार माझ्याकडे बघत राहिला. त्याला बहुतेक लिंबू-मिरचीचं समाधान वाटलं असेल.

संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. मला वाटलं ती नारळाचं काढणार. तिने पोळी तव्यावर टाकली आणि पाठमोरीच विचारलं, "काका कसे आहेत, हे तरी विचारलंत का कधी?"

बुधवारी रजा टाकून चौबे कॉलनीत गेलो. पावणेअकरा झाले असतील. खिशात जळलेल्या तारेचा तुकडा, त्यात रुतलेल्या टायसकट, आणि हातात ते दोऱ्याचं रीळ. काकूंनी दार उघडलं. 

"आला का रे," म्हणाल्या. "मले वाटलं, रस्ता विसरला."

काका पडवीत वेताच्या खुर्चीत बसले होते. पाठ माझ्याकडे. वाळले होते खूप, उजवा हात मांडीवर कुणीतरी ठेवल्यासारखा. मी पुढे जाणार तर काकूंनी हाताने थांबवलं. आत्ता नको जाऊ, म्हणाल्या, आत्ता त्यांचं सुरू होते, मधात कोणी गेलं तं चिडतात.

मी विचारलं, काय सुरू होतं?

"रोज अकराले असंच. आठ महिने झाले. तीनदा वाजवतात, मंग कान देऊन बसतात. मंग अजून तीनदा. मंग राग राग करतात. कोणाले बोलावून राहिले, मले तं समजत नाही बाप्पा."

भिंतीवरचं घड्याळ माझ्यासमोर होतं. काकांनीही मान तिरपी करून त्याच्याकडे बघितलं. मग डावा हात उचलला, आणि अंगठ्याच्या नखाने खुर्चीच्या लाकडी हातावर वाजवलं.

टक् टक् टक्.

त्या हातावरचं पॉलिश तेवढ्याच जागी उडून गेलं होतं. काकांनी मान कलती केली. वाट बघत बसले. मला माहीत होतं, आता परत तीन येणार आणि मग राग. मी दाराच्या चौकटीपाशी उभा होतो. या वेळी बघणाऱ्या फक्त काकू होत्या, आणि त्यांच्यासमोर मला लाज वाटली नाही. मी चौकटीवर नखाने तीनदा वाजवलं.

काकांचा हात वर उचललेला तसाच राहिला. मग त्यांनी तो सावकाश खाली ठेवला. मागे वळता येत नव्हतं त्यांना. मीच जाऊन समोर बसलो.

खिशातला तुकडा काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो उचलून उजेडाकडे धरला. टायच्या टोकावरून नख फिरवलं. सोललेलं तांबं बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, आणि तोंड बंद असलेल्या माणसाला जेवढी शिवी डोळ्यांनी देता येते तेवढी दिली.

"काका, सही माझी होती," मी म्हटलं. "पोट्टी वाचली."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं की माझ्या, ते आता नक्की आठवत नाही. मला रडूच आलं, लपवण्यात अर्थ नाही. काकू आत गेल्या, बहुतेक मुद्दाम. काकांनी रिळाकडे बोट केलं. मी दोरा काढून दिला. त्यांनी डाव्या हाताने एक टोक धरलं, दुसरं मला धरायला लावलं, आणि त्यांच्या सुन्न मनगटाजवळ ठेवलेल्या तारेच्या तुकड्यावर आम्ही दोघांनी मिळून गाठ मारली. त्यांनी ओढून बघितली, आणि नापास केली. दुसरीही नापास. अकरा महिन्यांनी भेटलेल्या माणसाला जरा सवलत द्यावी की नाही? नाही. तिसरी गाठ त्यांनी ओढून बघितली, सोडून दिली आणि डोळे मिटले.

दुपारी हँगरवर गेलो. रेवती वहीत लिहीत होती. मी विचारलं नाही, तीच म्हणाली.

"आज अलग हुआ, भैया. ठीक ग्यारह बजे तीन बार रुका. मैं दूसरे तीन का इंतजार करती रही... आया ही नहीं. पूरा गाना चला."

तिने तक्रारीच्या रकान्यात 'निल' लिहिलं, म्हणजे तक्रार नाही. मी खाली सही केली. मी त्या वेळी कुठे होतो, ते तिला खूप नंतर सांगितलं.

त्यानंतर गाणं एकदाही तुटलं नाही. काकूंनीही सांगितलं, त्या दिवसापासून अकराचं वाजवणं बंद झालं. काका आणखी दोन वर्षं होते. मी दर रविवारी जायचो, गाठी मारून दाखवायचो, निम्म्या नापास व्हायच्या. कंपनी बंद पडली, रेवती मोठी विमानं उडवायला दिल्लीला गेली. तिने ती दिव्यांची फळी मागून नेली. मी आता दुसरीकडे हेच काम करतो.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. चौबे कॉलनीतल्या खुर्चीवर वाजवलेलं नख हजारो फूट वर, माईक नसलेल्या भोकातून कसं ऐकू आलं, हे मी सर्किट काढून काढून थकलो. आणि रिकाम्या भोकाचा दिवा मी माझ्या डोळ्यांनी लागताना बघितलाय. सुई हलली होती. माझ्या धर्माप्रमाणे ती गोष्ट आहे. पण काय आहे, ते विचाराल तर मला राग येतो, कारण मला माहीत नाही.

आजही सही करायच्या आधी मी मागच्या डाव्या सीटवर जाऊन बसतो. पोरं हसतात, हसोत. हेडसेट घालतो, गाणं लावतो, अंगठ्याच्या नखाने माईकवर तीनदा वाजवतो. गाणं थांबतं, परत सुरू होतं. सगळं ठीक आहे, सही करायला हरकत नाही. पण मी लगेच उठत नाही. गाणं पुन्हा थांबेल म्हणून वाट बघत बसतो. ते थांबत नाही.